पुराची जागा

इतिहासाच्या पुस्तकांत नदी येते ती बहुधा सरहद्द म्हणून. सैन्य पार झाले की ती विसरली जाते. कृष्णाकाठचा इतिहास असा लिहून भागणार नाही. इथल्या माणसाला लढायांच्या सनावळ्यांपेक्षा कोणत्या साली पाणी कोणत्या पायरीला लागले हे अधिक पाठ असते. मुलांना सनावळ्या घोकायला लावणारा मी शिक्षक. तरीही ही दुसरी सनावळीच मला अधिक खरी वाटते.

महाबळेश्वरला उगम पावलेल्या कृष्णेला कऱ्हाडला कोयना मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा आणि नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो तेव्हा या साऱ्या नद्या एकदमच फुगतात आणि खालच्या सपाट काळ्या रानात एकमेकींची वाट अडवतात. तिथे पाण्याला पसरण्यावाचून गत्यंतर नसते. काठची मळीची राने, ओढे आणि सखल पट्टे हेच कृष्णेचे पहिले धरण होय. ते पूर काही दिवस पोटात ठेवी, सावकाश परत करी, आणि मागे गाळ टाकून जाई.

जुन्यांनी हे ओळखले होते. वाडीला दत्ताच्या पादुका नदीच्या काठालाच आहेत. पाणी चढले की ते पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडते. लोक त्याला संकट न म्हणता दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्यात स्नान करतात. उत्सवमूर्ती तेवढी वर नेतात.

पुढे १९६० च्या दशकात कोयनेचे धरण पुरे झाले. आज त्याची साठवण सुमारे १०५ अब्ज घनफूट आहे. पण धरणाला दोन धनी असतात. वीज आणि शेती म्हणतात, भरून ठेवा. पूर म्हणतो, रिकामे ठेवा. ऑगस्टमध्ये धरण भरत आलेले असताना अतिवृष्टी झाली, तर आलेले पाणी खाली सोडावेच लागते. हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरते. त्यामुळे ही अडचण पुढे वाढणारच.

सांगलीच्या १९२९ च्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५ मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेले, आणि २०१९ मध्ये ५७ फुटांवर पोहोचले. २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. खालच्या अलमट्टी धरणाला अनेकांनी बोल लावला. परंतु वडनेरे समितीच्या २०२० च्या अहवालाने ते मानले नाही. पूररेषेच्या आत उठलेल्या घरांना आणि भरावांना मात्र कोणी विशेष बोल लावत नाही. २५ वर्षांच्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांच्या पुराची लाल रेषा नकाशावर असतात. जमिनीवर तिथे गुंठ्यांचे भाव असतात.

धरण पुराला थोपवून धरते, पण पुराला जागा देते ती जमीनच. ती जागा आपण राखून ठेवली नाही, तर कृष्णा ती आपल्या घरांतून घेते.