पितर घरचे, मग पंधरवडा अशुभ कसा?

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला की अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या टापूत एक वाक्य हमखास कानी पडतं : 'पित्तरपाट सरू द्या, मग बघू.' मूग-उडदाचा पैसा हाती आलेला असतो, गळीत हंगाम तोंडावर असतो. तरी ट्रॅक्टरचा सौदा, प्लॉटचा इसार, सोयरिकीची बोलणी, सगळं सर्वपित्री अमावस्येपलीकडे ढकललं जातं. दवाखान्याची तारीखही पुढे घेणारी माणसं आहेत. पंधरवडा अशुभ, हे मत इतकं मुरलं आहे की त्याला कुणी आधार विचारत नाही. तो विचारायला हवा.

हे मत मानणारे दोन गोष्टी पुढे करतात. या दिवसांत लग्न-मुंज होत नाही, ही पहिली. मृतांचे दिवस म्हणजे सुतकासारखेच, ही दुसरी.

पहिलीचा निकाल पंचांगच लावतं. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो तो कार्तिकीपर्यंत, आणि परंपरेने विवाहमुहूर्त त्या साऱ्या काळात नसतात. म्हणजे श्रावणात नसतात, गणपतीतही नसतात. गणेश चतुर्थीला शुभ म्हणून गाडी घरी आणणाऱ्याने, लग्नं नाहीत एवढ्यावरून पितृपक्ष मात्र अशुभ ठरवावा, हा न्याय कुठला?

दुसऱ्या मुद्द्यातली चूक अधिक खोल आहे. धर्मशास्त्र प्रेत आणि पितर यांत स्पष्ट भेद करतं. सपिंडीकरण होईपर्यंत गेलेला जीव प्रेत. सपिंडी झाली की तो पितरांच्या पंक्तीत बसतो. सुतक त्या पहिल्या दिवसांचं. पितृपक्षात पान वाढायचं ते पितरांना. आणि पितर अमंगल असते, तर प्रत्येक लग्नामुंजीच्या आरंभी नांदीश्राद्ध कशाला सांगितलं असतं? तिथे तिळांऐवजी यव घेतात, जानवं सव्यच राहतं आणि पितरांना आवाहन केल्याशिवाय कार्य पुढे सरकत नाही. ज्यांच्या आशीर्वादाने मांडव उभा राहतो, त्यांच्याच पंधरवड्यात नव्या वस्तूला हात लावायचा नाही? परान्न वर्ज्य करण्यासारखे जे निर्बंध आहेत, ते श्राद्ध करणाऱ्याला आणि जेवणाऱ्याला, त्या तिथीभोवतीचे. पितृपक्ष अशुभ नाही, हे पंचांगकर्ते दा. कृ. सोमणही वर्षानुवर्षे सांगत आले आहेत.

पूर्वजांचे दिवस भयाविना पाळता येतात, हे चीनमध्ये दिसतं. तिथे एप्रिलच्या 4-5 तारखेला छिंगमिंग हा सण येतो. कुटुंबं पूर्वजांच्या कबरींवर जाऊन गवत काढतात, झाडलोट करतात, अन्न ठेवतात, कागदी नोटा जाळतात. मग तिथूनच वसंतातल्या रानात फिरायला निघतात, पतंग उडवतात. 2008 पासून त्या दिवशी सरकारी सुट्टी आहे. घरखरेदी आणि लग्न टाळण्याची समजूत तिथेही आहे, पण ती मुख्यतः सातव्या चांद्र महिन्याची, मोकाट फिरणाऱ्या भुकेल्या भुतांच्या भयाची. आपण ते भय घरच्या आजा-पणज्यांवर लादलं.

आपल्या गोदाकाठाने तर याहून मोठं उत्तर देऊन ठेवलं आहे. अंकुशनगरहून नदीच्या वरच्या अंगाला पैठण. महिपतींनी 'भक्तविजया'त सांगितलेली कथा घरोघरी ठाऊक आहे. संत एकनाथांच्या घरी श्राद्ध होतं. अस्पृश्य मानलेल्या भुकेल्या माणसांना स्वयंपाकाचा वास आला आणि नाथांनी ते अन्न त्यांना वाढलं. ब्राह्मण रुसले, जेवायला येईनात; तेव्हा पितर स्वतः येऊन पानावर बसले. हे घडलं की नाही, हा वाद इथे गैरलागू आहे. मराठवाड्याने ही कथा पिढ्यान्‌पिढ्या जपली आणि तिच्यातले पितर कुणाला भिववत नाहीत; भुकेल्याला जेवू घालणाऱ्याच्या घरी ते आपण होऊन येतात. 1599 मध्ये नाथांनी जलसमाधी घेतली ती फाल्गुन वद्य षष्ठी, आणि तोच पैठणच्या यात्रेचा दिवस. मृत्यूच्या तिथीला दिंड्या घेऊन जाणारा मुलूख पितरांच्या तिथींना भितो, हे मला मनापासून खटकतं.

स्मरणात मन राहावं म्हणून कुणी स्वतःहून पंधरा दिवस खरेदी आवरली, तर त्या संयमाला माझा नमस्कार आहे. पण तो संयम भीतीतून आलेला नसावा.

तेव्हा सर्वपित्रीला खीर-वडे-कढीचं पान ठेवा, आगारी टाका, ऊसतोडीला निघालेलं एखादं कुटुंब घरी बोलावून पोटभर जेवू घाला. मोटार नादुरुस्त होऊन पीक सुकत असेल, तर नवी मोटार त्याच दुपारी आणा. आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख पितरांच्या नावाने कधीच पुढे ढकलू नका.