स्टोव्ह, पिन आणि पावनखिंड

आमच्या मलकापुराहून विशाळगड काही फार लांब नाही. तरी १९८१च्या जुलैत आम्हा चौघांना पन्हाळ्याहून विशाळगडापर्यंत पायी जायची बुद्धी झाली. "एस.टी. बंद पडलीय का?" एवढंच वडिलांनी विचारलं.

१६६०च्या जुलैत, अशाच पावसात, सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजीमहाराज याच वाटेनं गेले. घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदलांचे मावळे पाय रोवून उभे राहिले, म्हणून ती पावनखिंड. त्यांना चुलीशी बसायला फुरसत नव्हती. आम्ही मात्र तीन दिवस धरले होते, आणि तेही चहासकट!

चहा आला की स्टोव्ह आला. मसाईच्या पठारावर त्या दिवसांत लाकूड सोडा, काडेपेटीसुद्धा कोरडी राहत नाही. वातीचा स्टोव्ह वाऱ्यापुढे मान टाकतो. स्पिरिटचा दिवा हलका खरा, पण वजनाला वजन धरलं तर स्पिरिटात रॉकेलच्या जेमतेम दोन-तृतीयांश उष्णता. म्हणजे दिव्यात वाचवलेलं ओझं बाटलीत वाहायचं. शेवटी आईचा पितळी स्टोव्ह मागितला. आईनं तो दिला, आणि रेशनचं अर्धा लिटर रॉकेल जिवावर उदार होऊन मोजून दिलं.

हा स्टोव्ह काही साधासुधा नव्हे. १८९२च्या सुमारास स्वीडनच्या फ्रान्स लिंडक्विस्टनं तो काढला. वातच नाही! पंपानं टाकीत हवा दाबायची. रॉकेल तापल्या बर्नरमधून चढताना त्याची वाफ होते, बारीक भोकातून सुटते आणि निळी, बिनकाजळीची ज्योत धरते. नान्सेननं १८९५ मध्ये उत्तरेच्या बर्फावर असाच स्टोव्ह नेला. त्यावर भांड्यात भांडं अशी रचना केली, की वाया जाणारी धग बाजूचं बर्फ वितळवी. १९११ मध्ये आमुंडसेननं तो दक्षिण ध्रुवावर नेला. लिटरभर पाणी उकळायला वीसेक ग्रॅम रॉकेल पुरे. ध्रुवावर पेटला तो मसाईवर का पेटू नये?

पेटला नाही. त्या बारीक भोकात कण अडकला. तो काढायला पिन लागते, आणि पिन मलकापुरात, स्वयंपाकघरातल्या फळीवर! सेफ्टी पिन जाड पडली. धोतराच्या सुतापासून सायकलच्या तारेपर्यंत सगळ्यांची आठवण काढून झाली. एव्हाना आमच्यातला एकजण तापानं फणफणला होता आणि त्याचे ओठ निळे पडले होते. मग मात्र चेष्टा थांबली. त्याला धरून, चिखल तुडवीत पुढच्या वाडीतलं पहिलं घर गाठलं.

तिथल्या आज्जीनं आमच्या यंत्राकडे एकवार पाहिलं. "त्ये पितळंचं ऱ्हाऊ दे तिकडं. शेणी वाळल्याल्या हायत माज्याकडं." तिच्या चुलीपुढे बसवून, गूळ घातलेला कोरा चहा पाजून तिनं त्याला माणसात आणला. पुढचे दोन दिवस आम्ही वाडी दिसली की चूल शोधत गेलो. दीड किलोचा स्टोव्ह आळीपाळीनं पाठीवर घेऊन.

घरी आल्यावर आईनं स्टोव्ह कानाशी धरून हलवला. आत रॉकेल डुचमळलं.

"अगबाई! तीन दिवस चौघांचं झालं आणि एवढं उरलं? मी म्हणत नव्हते, ह्याला तेल कमी लागतं?"

मी मान डोलावली आणि फळीवरची पिन हळूच खिशात घातली.