201 अंकी संख्येचे तेविसावे मूळ

बेंगळुरूत 1929 साली जन्मलेल्या शकुंतला देवी यांनी 1977 मध्ये डॅलस येथील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात एका 201 अंकी संख्येचे तेविसावे मूळ, म्हणजे 23 वेळा मांडून गुणली असता ती संख्या देणारी संख्या, 50 सेकंदांत सांगितले. उत्तर होते 546372891. या पराक्रमाला नुसता चमत्कार म्हणून हात जोडणे हा त्यामागील अंकज्ञानावर अन्याय आहे. कारण मूळ पूर्णांक असल्याची खात्री असली, की एवढ्या प्रचंड संख्येची दोन्ही टोके बरेच काही सांगून जातात. अंक 201 असल्यामुळे मूळ नऊ अंकीच असते आणि ते सुमारे 49.6 कोटी ते 54.8 कोटी यांच्या दरम्यानच पडते. शिवाय 1, 3, 7 किंवा 9 ने संपणाऱ्या संख्येच्या तेविसाव्या घाताचे शेवटचे दोन अंक तिच्या घनाच्या शेवटच्या दोन अंकांसारखेच असतात. दिलेली संख्या 71 ने संपत होती आणि 91 चा घन 7,53,571 असल्याने मुळाच्या शेवटी 91 येणे अटळ होते. मधले अंक हीच खरी कसोटी, आणि तेथे स्मरण व अखंड सराव यांवाचून गत्यंतर नसते. शकुंतला देवी यांचे निधन 2013 साली बेंगळुरूतच झाले.