‘पास आऊट’ म्हणजे पदवी की बेशुद्धी?

मुलांच्या बायोडाटात हमखास सापडणारे एक वाक्य आहे : ‘आय पास्ड आऊट इन २०२१.’ पुण्या-मुंबईच्या ऑफिसात ते बरोबर समजते, २०२१ साली पदवी मिळाली. पण हाच बायोडाटा लंडनला किंवा दुबईतल्या एखाद्या इंग्रज मॅनेजरच्या टेबलावर गेला तर? तो वाचेल, ‘२०२१ मध्ये मी बेशुद्ध पडलो.’

‘पास आऊट’चा जगभर चालणारा पहिला अर्थ हाच : शुद्ध हरपणे, चक्कर येऊन पडणे, उर्दूत बेहोश होना. ‘ही पास्ड आऊट इन द हीट’ म्हणजे उन्हाने त्याला भोवळ आली. रक्त बघून, वेदनेने, रोजात पाणी कमी पडून, कशानेही माणूस ‘पास आऊट’ होऊ शकतो. बोलीभाषेत अतिशय थकून जागच्या जागी गाढ झोपणे यालाही तेच म्हणतात. आणि एक गोष्ट पालकांनी जरूर ध्यानात घ्यावी. पाश्चात्य देशांत हा शब्द दारू पिऊन पडणाऱ्यासाठीही सर्रास वापरला जातो. ‘आय पास्ड आऊट इन कॉलेज’ असे आपल्या शरीफ मुलाने इंटरव्ह्यूत सांगितले तर समोरचा गालात हसेल, आणि मुलाला कळणारही नाही का हसला ते.

मग आपल्याकडे हा अर्थ आला कुठून? अगदीच हवेतून नाही. ब्रिटिश इंग्रजीत लष्कराचे किंवा पोलिसांचे प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडणे याला ‘पास आऊट’ म्हणतात. खडकवासल्याच्या एनडीएत ‘पासिंग आऊट परेड’ होते, मराठी वर्तमानपत्रे तिला दीक्षांत संचलन लिहितात. भारतात हा शब्द कॉलेजलाही लागला, आणि पुढे ‘२०१९चा पासआऊट’ असे नामही तयार झाले. उर्दूत आपण मदरशातून ‘फारिग झाला’ म्हणतो, तीच कल्पना. म्हणून माझ्या मते हा प्रयोग भारतापुरता चूक नाही. पण परदेशी अर्ज, व्हिसाचे कागद, ऑनलाइन इंटरव्ह्यू इथे तो टाळावा. ‘आय ग्रॅज्युएटेड इन २०२१’ किंवा ‘आय कम्प्लिटेड माय बीएससी इन २०२१’ लिहा. दहावीसाठी ‘आय पास्ड द एसएससी एक्झाम’. इथे मध्ये ‘इन’ घालू नका. आपण ‘परीक्षेत पास’ म्हणतो म्हणून तो ‘इन’ घुसतो.

अमेरिकेत आणखी एक अर्थ आहे, वाटणे. ‘पास आऊट द बुक्स’, पुस्तके वाटून टाक. या अर्थाने शब्द तुटू शकतो : ‘पास द बुक्स आऊट’ही चालते. मात्र ‘देम’ आले की ते मध्येच बसते, ‘पास देम आऊट’. ‘पास आऊट देम’ असे होत नाही.

आता सगळ्यात जपून बोलायची जागा. ‘पास आऊट’ म्हणजे बेशुद्ध होणे आणि ‘पास अवे’ म्हणजे इंतकाल होणे. फरक फक्त शेवटच्या शब्दाचा. गावाकडून आखातातल्या मुलाच्या मॅनेजरला ‘हिज फादर पास्ड अवे’ असा मेसेज गेला, आणि अब्बा फक्त चक्कर येऊन पडले होते, तर काय गोंधळ उडेल विचार करा. घाबरलेल्या क्षणी साधे ‘ही फेंटेड’ लिहावे, सरळ नि सुरक्षित.

‘पास ऑन’ तर दुहेरी आहे. ‘प्लीज पास ऑन माय सलाम’ म्हणजे माझा सलाम पोहोचवा. पण माणसाबद्दल ‘शी हॅज पास्ड ऑन’ म्हटले तर ती वारली. बातम्यांत ‘पास ऑफ’ दिसतो, ‘द प्रोसेशन पास्ड ऑफ पीसफुली’, जुलूस शांततेत पार पडला. नकली माल असली म्हणून खपवणे यालाही ‘पास ऑफ’च म्हणतात.

स्पेलिंगचे राहिले. ‘पास्ड’चा उच्चार ‘पास्ट’ असाच होतो, म्हणून मुले एकाच्या जागी दुसरे लिहितात. क्रियापद असेल तर शेवटी ई-डी. ‘ही वॉक्ड पास्ट द मस्जिद’मध्ये क्रियापद ‘वॉक्ड’ आहे, तिथे ‘पास्ट’ला एस-टी.