तिरुप्पूर होजिअरी उद्योग : लघुउद्योगांतील सहकार्य

तमिळनाडूत कोइमतूरच्या पूर्वेस सुमारे 50 किमी.वर, नोय्यल नदीकाठी वसलेले तिरुप्पूर हे भारतातील सुती होजिअरीचे सर्वांत मोठे निर्यातकेंद्र. 2009 पासून जिल्ह्याचे ठिकाण. पूर्वी येथे मुख्यतः बनियन तयार होत. 1970 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या निर्यातदारांमार्फत इटलीच्या एका व्यापाऱ्याने येथून पांढरे टी-शर्ट घेतले आणि थेट निर्यातीची वाट उघडली, असे सर्वसाधारणपणे मानतात.

रचना : सुतापासून तयार कपड्यापर्यंतचे सगळे काम एकाच कारखान्यात होणे येथे अपवादात्मक. निटिंग, रंगाई, कॉम्पॅक्टिंग (कापड नंतर आटू नये म्हणून दाबणे), छपाई, शिलाई ही कामे वेगवेगळी युनिटे जॉबवर्कवर करतात. ऑर्डर घेणारा निर्यातदार माल एका युनिटातून दुसऱ्यात फिरवतो. मोठी ऑर्डर आली की शिलाई अनेकांत वाटली जाते. त्यामुळे थोड्या यंत्रांवर धंदा सुरू करता येतो. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी 1890 मध्ये अशा स्थानिक केंद्रीकरणाचे फायदे मांडले होते. शरद चारी यांच्या ‘फ्रॅटर्नल कॅपिटल’ (2004) या अभ्यासात शेतकरी-कामगारांतून मालक झालेल्या गौंडर समाजातील उद्योजकांचे जाळे तपशिलाने आले आहे. मात्र एकाच धंद्यातील युनिटांचा असा शेजार अनेक शहरांत आढळतो. तिरुप्पूरचे वेगळेपण विचारपूर्वक उभारलेल्या सामायिक संस्थांत आहे.

संस्था : तिरुप्पूर एक्स्पोर्टर्स असोसिएशन (1990, संस्थापक अध्यक्ष ए. शक्तिवेल) ही त्यांतील प्रमुख. निटवेअर-फॅशन महाविद्यालय, अॅपरल पार्क व खरेदीदारांसाठीचे प्रदर्शन यांमागे ती होती.

पाणी व सांडपाणी : येथील सहकार्याची खरी परीक्षा पाण्यावर झाली. रंगाईला लागणारे पाणी वर्षानुवर्षे आसपासच्या विहिरींतून टँकरने येई. राज्य शासन, वित्तसंस्था व निर्यातदार संघटना यांच्या भागीदारीतील कंपनीने कावेरी खोऱ्यातून नळाने पाणी आणले. योजनेची क्षमता प्रतिदिन 185 दशलक्ष लिटर. वापरलेल्या पाण्याचा प्रश्न अधिक बिकट होता. सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंग बसवण्यासाठी भरपूर मीठ लागते आणि ते साध्या जैविक प्रक्रियेने निघत नाही. हे क्षारयुक्त पाणी नोय्यलमध्ये जाऊन ओरतुपाळयम धरणात साचले. शेतीसाठी बांधलेल्या धरणाचे पाणी शेतीच्या कामाचे राहिले नाही. खालच्या भागातील शेतकरी न्यायालयात गेले. मद्रास उच्च न्यायालयाने 2006 मध्ये शून्य विसर्गाचा (सांडपाणी अजिबात बाहेर न सोडण्याचा) आदेश दिला व तो पाळला न गेल्याने जानेवारी 2011 मध्ये रंगाई युनिटे बंद करवली. रंगाई थांबताच शिलाईपर्यंतची साखळी अडली.

क्षार वेगळे करण्यास रिव्हर्स ऑस्मोसिस व बाष्पीभवन यंत्रणा लागते. तिचा भांडवली आणि विजेचा खर्च एकट्या लहान रंगाईवाल्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. म्हणून युनिटांच्या गटांनी स्वतंत्र कंपन्या काढून, शासकीय अर्थसाहाय्य घेऊन सामायिक प्रक्रिया केंद्रे चालवली. तेथे बहुतांश पाणी आणि मीठही परत वापरासाठी काढतात. या व्यवस्थेमुळेच लहान रंगाईवाला टिकला, आणि परदेशी खरेदीदारापुढे निर्यातदाराला मांडता येईल अशी बाजूही तयार झाली. तथापि सहकार्य न्यायालयाच्या बडग्यानंतरच पूर्णत्वास गेले, ही नोंद महत्त्वाची. तोवर नुकसान सोसले ते या उद्योगाबाहेरच्या शेतकऱ्यांनी. प्रक्रियेत उरून साठलेल्या मिश्र क्षारांची विल्हेवाट हा प्रश्न शिल्लक आहे.

कामगार : मालक व कामगार संघटना ठरावीक वर्षांचे सामूहिक वेतनकरार करतात. जॉबवर्क युनिटांत ते कितपत पाळले जातात, याविषयी मतभेद आहेत.

महाराष्ट्रातील समांतर केंद्रे : इचलकरंजी (यंत्रमाग), सोलापूर (टेरी टॉवेल).