कानाला मशीन लावले, पुढे काय? श्रवण प्रशिक्षणाची माहिती

मालवण : मुलगा दोन वर्षांचा झाला तरी हाकेला वळत नाही, बोलत नाही. घरातली म्हातारी माणसे म्हणतात, "बोलतलो हळूहळू, तेचो बापूस पण उशिराच बोललेलो." इथेच मोलाचा वेळ जातो.

प्रशिक्षण म्हणजे काय?
ऐकतो कान, पण अर्थ लावतो मेंदू. श्रवणयंत्र किंवा कॉक्लियर इम्प्लांटमुळे आवाज आत पोचतो. तो ओळखायला मात्र शिकवावे लागते. त्याच्या चार पायऱ्या आहेत : आवाज झाला की नाही हे कळणे, दोन आवाजांतला फरक कळणे, आवाज ओळखणे आणि बोलण्याचा अर्थ समजणे.

बुद्धीशी संबंध काय?
शब्द कानावर पडले नाहीत तर भाषा येत नाही, आणि भाषा अडली की वाचन, हिशोब, शाळा सगळेच मागे पडते. पहिल्या तीन-चार वर्षांत मेंदू भाषा सर्वात लवकर शिकतो. म्हणून बाळाची तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तीन महिन्यांत आणि उपचार सहा महिन्यांच्या आत सुरू व्हावेत, असे तज्ज्ञ सांगतात.

वयस्कर माणसांचे काय?
अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षे अभ्यास झाला. त्याचा निकाल २०२३ मध्ये आला. श्रवणयंत्र आणि मार्गदर्शन मिळालेल्या सगळ्यांचा एकत्र विचार करता स्मरणशक्तीत विशेष फरक दिसला नाही. पण ज्यांना धोका जास्त होता, त्यांच्या बुद्धीची घसरण ४८ टक्के कमी झाली. मोबाईलवरच्या 'स्मरणशक्ती वाढवा' खेळांनी मात्र बहुतेक वेळा त्या खेळातच हात बसतो.

घरी काय करावे?
टीव्ही बंद ठेवा, मुलाच्या जवळ बसून बोला. कुकरची शिटी, आरतीची घंटा, समुद्राची गाज ऐकवून "हा कसला आवाज?" विचारा. मग 'ताट' आणि 'पाट' असे सारखे शब्द घ्या. रोज थोडा वेळ द्या, पण खंड पाडू नका.

कुठे जावे?
अंगणवाडी व शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांना सांगा. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे. केंद्राच्या अ‍ॅडिप योजनेतून पात्र मुलांना कॉक्लियर इम्प्लांटसाठी मदत मिळते. वय वाढले की संधी कमी होते, त्यामुळे शंका आली की लगेच तपासणी करून घ्या.