अँटिकिथिराच्या कड्याखालचे तारू

ग्रीसच्या मुख्य भूमीचे दक्षिण टोक मागे टाकून क्रीट बेटाकडे शिडाच्या नौकेने निघालेल्या प्रवाशास वाटेत पाण्यातून वर आलेला एक उघडाबोडका डोंगर दिसतो. हेच अँटिकिथिरा. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २० चौरस किलोमीटर आहे. बारमाही वस्ती इतकी थोडी की, एका शाळेच्या वर्गात ती सहज मावावी. पोटामोस हे त्याचे चिमुकले बंदर उत्तरेकडे तोंड करून आहे, आणि उन्हाळ्यात एजियन समुद्रावरून 'मेल्टेमी' नावाचा उत्तरेचा वारा दिवसचे दिवस वाहत असतो. त्यामुळे हौशी यॉटवाल्यांनी येथे यावयाचे ते आभाळ पाहून, आणि निघावयाचे तेही वाऱ्याची परवानगी घेऊन. नेमाने येणारी आगबोटदेखील समुद्र खवळला म्हणजे बेटास वळसा घालून पुढे निघून जाते. अशा या निवांत बेटाचे नाव जगाच्या इतिहासात गेले तेही वाऱ्याच्याच कृपेने. अथवा अवकृपेने म्हणा.

१९०० साली वसंतऋतूत दिमित्रिओस कोंटोस या कप्तानाचे पाणबुडे येथे वादळामुळे अडकून पडले. हे लोक सिमी बेटाचे. भाषेने आणि धर्माने ते ग्रीक, परंतु त्या काळी सिमीवर तुर्की सुलतानाचा अंमल होता. समुद्राच्या तळाचा स्पंज काढून विकणे हा त्यांचा परंपरागत धंदा. त्यासाठी ते दरसाल आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जात. रिकामे बसण्यापेक्षा येथेच काही स्पंज मिळतो का पाहावे, म्हणून इलियास स्टाडियाटिस हा पाणबुडा कड्याखाली उतरला, आणि थोड्याच वेळात घाबराघुबरा होऊन वर आला. तळाशी नग्न माणसांची आणि घोड्यांची प्रेते पडली आहेत, असे तो सांगू लागला. मग कोंटोस स्वतः उतरला. वर येताना त्याच्या हाती एका ब्राँझच्या पुतळ्याचा हात होता.

ती प्रेते नव्हती, पुतळे होते. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात, बहुधा ७० ते ६० च्या सुमारास, आशिया मायनरकडून इटलीकडे निघालेले एक मोठे मालवाहू तारू या कड्यावर आपटून बुडाले होते. रोमच्या धनिकांस त्या काळी ग्रीक शिल्पांचा मोठा सोस असे. ब्राँझच्या व संगमरवराच्या मूर्ती, काचेची नाजूक भांडी, पर्गामम् व एफेसस येथील नाणी असा तो ऐवज दोन हजार वर्षे सुमारे ५० मीटर पाण्याखाली पडून राहिला.

कोंटोसने तो लुटून विकला नाही, हे विशेष. अथेन्सच्या विद्यापीठातील प्राध्यापक इकोनोमू हे मूळचे सिमीचेच. त्यांच्या मध्यस्थीने तो शिक्षणमंत्री स्पिरिडॉन स्टाइस यांस भेटला. सरकारने नौदलाची जहाजे व माल ओढून काढण्याची साधने पुरवावीत, पाण्यात उतरणारी माणसे आमची, आणि वर काढलेल्या वस्तूंचा मोबदला आम्हांस मिळावा, असा करार ठरला. नोव्हेंबर १९०० मध्ये काम सुरू झाले. पहिले जहाज इतके मोठे निघाले की, ते कड्याजवळ नेता येईना. लहान आगबोट मागवावी लागली. ऐन हिवाळ्याचे दिवस. समुद्र शांत होण्याची वाट पाहण्यातच बहुतेक काळ जाई.

पाण्यात उतरणे हे तर प्राणांशी खेळणेच होते. अंगात जाड रबरी कापडाचा पोशाख, डोक्यावर धातूचे जड शिरस्त्राण, आणि वरून हातपंपाने नळीवाटे येणारी हवा. तळाशी जेमतेम पाच मिनिटे काम करावयाचे, तेही दिवसातून दोनदाच. इतक्या खोलीवर हवेतील नायट्रोजन रक्तात मुरतो, आणि माणूस झपाट्याने वर आला म्हणजे त्याचे बुडबुडे होऊन ते नसा व मज्जारज्जू यांवर घाला घालतात. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ सालीच हे कारण दाखवून दिले होते. परंतु टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके हॉल्डेन यांनी प्रसिद्ध केली ती १९०८ साली. ती येण्यापूर्वीच या मोहिमेत गिऑर्गोस क्रिटिकोस हा पाणबुडा मरण पावला आणि दोघे कायमचे पंगू झाले. मोहिमेवर देखरेख करणारे विद्वान जहाजाच्या डेकवर उभे होते; त्यांपैकी एकही पाण्यात उतरला नाही. त्यांस दोष देण्याचे कारण नाही, ते त्यांस येतच नव्हते. मात्र पुढील ग्रंथांत विद्वानांची नावे ठळक झाली, आणि पाणबुड्यांच्या वाट्यास 'काही स्पंजवाले' एवढाच उल्लेख आला, हे न्यायाचे नव्हे.

सप्टेंबर १९०१ मध्ये काम थांबले. जे मिळाले त्यात ब्राँझचा सुमारे दोन मीटर उंचीचा देखणा तरुण आहे. एका वृद्ध तत्त्ववेत्त्याचे दाढीधारी मस्तक आहे. संगमरवरी मूर्तींची स्थिती पाहून मन विषण्ण होते. वाळूत बुडालेली बाजू काल घडविल्यासारखी गुळगुळीत, आणि पाण्यास उघडी राहिलेली बाजू सागरी जीवांनी कुरतडून चाळण केलेली!

सर्वांत मोलाची वस्तू मात्र कोणाच्या लक्षातही आली नव्हती. मे १९०२ मध्ये, मंत्र्यांचे आप्त व पुरातत्त्वज्ञ वालेरिओस स्टाइस यांस अथेन्सच्या संग्रहालयात एका गंजलेल्या ढेकळात दातेरी चाक दिसले. त्याचा अर्थ लागण्यास अर्धे शतक लोटले. डेरेक प्राइस यांनी १९५९ साली त्याविषयी लेख लिहिला. २००६ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने झालेल्या संशोधनाने त्यातील ३० चाकांचा हिशेब प्रसिद्ध झाला. सूर्यचंद्रांची स्थाने आणि ग्रहणे सांगणारे ते एक यंत्र होते. त्यात १९ सौर वर्षे म्हणजे २३५ चांद्रमास हे गणित बसविलेले आहे. बारा महिन्यांप्रमाणे १९ वर्षांचे २२८ होतात. उरलेले सात म्हणजे आपल्या पंचांगातील अधिक मासांचाच हिशेब होय.

असो. १९०१ साली पाणबुड्यांनी कड्याखालचे काही मोठमोठे धोंडे अडचण म्हणून खोल पाण्यात लोटून दिले होते. ते धोंडे नसून शेवाळाने मढलेले पुतळे असावेत अशी शंका मंत्र्यांस आली, आणि एक वर ओढून पाहिला तो खरोखरच हर्क्युलिसचा शिरविहीन प्रचंड पुतळा निघाला. तो अथेन्सला गेला. २०२२ साली नव्या मोहिमेतील पाणबुड्यांनी त्याच जागचे अनेक टन वजनाचे खडक हलविले, तेव्हा त्यांखाली एक दाढीधारी संगमरवरी मस्तक सापडले. ते त्याच हर्क्युलिसचे असावे, असे संशोधकांचे मत आहे.